ती येणार होती



संयोजकांनी मला विषय दिला होता, 'शाळेने मला काय दिले'. मी इंजिनिअर, गेली बावीस वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करते, तेव्हा मी गणिताच्या तासाबद्दल किंवा शाळेत आलेल्या पहिल्या संगणकाबद्दल बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. त्या संगणकाला आपण चपला बाहेर काढून नमस्कार करायचो, हे तुम्हाला आठवतच असेल. पण मी आज आपल्या शाळेच्या खो-खोच्या संघाबद्दल बोलणार आहे. १९९४ साली आपण आठवीत होतो, त्या एका हंगामाबद्दल. त्यातलं अर्धं तुम्हाला माहीत आहे. उरलेलं अर्धं मी गेल्या महिन्यापर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं.

मैदानाच्या कडेला बसून नुसत्या टाळ्या वाजवणाऱ्यांसाठी आधी खेळ थोडक्यात सांगते. आजच्या नियमांप्रमाणे मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद. दोन टोकांना कमरेपेक्षा थोडे उंच असे दोन खांब, मधल्या पट्टीवर आठ चौक. आठ जणी एकाआड एक उलट दिशांना तोंड करून बसतात, नववी पाठलाग करते. पळणाऱ्या तिघी-तिघींच्या तुकड्यांनी आत येतात. पळणारी बसलेल्यांच्या मधून कशीही जाऊ शकते. पाठलाग करणारीला मधली पट्टी ओलांडता येत नाही, आणि एकदा एका खांबाच्या दिशेने निघाली की मध्येच मागे फिरता येत नाही. तिच्या हातात एकच उपाय असतो, बसलेलीच्या पाठीला हात लावून 'खो' म्हणायचं आणि काम तिच्यावर सोपवायचं. आमच्या चौदा वर्षांखालच्या गटात सात मिनिटांची पाळी असायची.

आपलं मैदान कसं होतं? काळी माती. पावसाळ्यात चिखल, दिवाळीनंतर अशा भेगा पडायच्या की एकदा माझी स्लीपर त्यात अडकून तुटली. सरांनी दोन गाड्या मुरूम आणून टाकला. रोज शाळा सुटल्यावर आम्ही हापशावरून डबे भरून आणायचो, पाणी शिंपडायचो, मग सर चुन्याने रेघा मारायचे. खांब बाभळीचे होते. सुतार खेळाडूंपैकीच एकीचे काका होते, त्यामुळे पैसे पडले नाहीत. पण रंधा मारायचं काम त्यांनी आमच्याकडून करून घेतलं. खांबावर सूर मारायला शिकताना प्रत्येकीच्या कोपरांची सालपटं निघाली. घरी विचारलं तर सांगायचं, जिन्यावरून पडले. माझ्या घरी जिना नव्हता.

सरांचा एक नियम होता. खो देताना हात पाठीला लागला पाहिजे आणि शब्द तोंडातून निघाला पाहिजे, दोन्ही एकदम. नुसता हात लावला तर फाऊल, नुसतं ओरडलं तरी फाऊल. आणि बसलेलीने खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही. "तुम्हाला वाटेल आता आपल्यालाच मिळणार. वाटण्यावर उठायचं नाही," असं ते म्हणायचे.

संघात बारा जणी आणि मैदानात नऊ. मी दहावी. म्हणजे राखीव खेळाडूंमधली पहिली. कुणी पडली, कुणाला ताप आला, की माझा नंबर. दहाव्या नंबरवर बसणाऱ्या पोरीच्या मनात काय चालतं ते तिलाच ठाऊक. मी संघासाठी घसा फोडून ओरडायचे, आणि त्याच वेळी कुणाचा तरी पाय मुरगळावा असंही वाटायचं. तेरा वर्षांची होते, पण हे वाटणं बरं नाही एवढं तेव्हाही कळत होतं.

पहिल्या तुकडीत 'ती' असायची. तिचं नाव मी घेणार नाही. "माइकवर माझं नाव घेशीन तर उठून जाईन," असं तिने मला परवाच बजावलंय. आपल्या वर्गातल्या सगळ्यांना ती कोण ते कळेलच. पाच किलोमीटरवरच्या खेड्यातून रोज पायी यायची, पायी जायची. वडील दुसऱ्याचं वावर बटाईने करायचे. वर्गात ती माझ्याच बाकावर बसायची. पळायला लागली की अंगाला हात लागू द्यायची नाही. साखळी धरून अशी वळणं घ्यायची की पाठलाग करणारी दमून नुसती बघत राहायची. सर घड्याळ धरून उभे असायचे, आणि ती दोन-अडीच मिनिटं सहज काढायची. सात मिनिटांच्या पाळीत एकटीने अडीच मिनिटं काढणं म्हणजे काय ते खेळणाऱ्यांना विचारा.

तालुक्याचे सामने आपल्याच मैदानावर झाले. भेगा कुठे आहेत ते आम्हाला पाठ होतं, त्यामुळे आम्ही जिंकलो यात फार काही नवल नव्हतं. पाहुण्या संघाच्या पोरी मात्र सामना संपल्यावर आपल्या मैदानाला शिव्या देत गेल्या.

जिल्ह्याचे सामने बुलढाण्याला होते. बोथ्याच्या घाटात एसटीला वळणं लागली आणि बारापैकी सात जणींनी खिडक्या धरल्या. वर पोचलो तर थंडी. आपण खामगावची उन्हाळी माणसं, स्वेटर फक्त तिघींकडे. त्या तीन स्वेटरांचीही आम्ही पाळी लावली.

अंतिम सामना ज्यांनी पाहिला ते अजून सांगतात. दोन्ही डाव संपले, गुण सारखे. अलाहिदा डाव झाला, पुन्हा सारखे. मग लघुत्तम आक्रमण. त्यात पहिला गडी बाद होईपर्यंतच खेळ असतो. ज्या संघाला गडी टिपायला कमी वेळ लागेल तो जिंकला. आपल्या पोरींनी सुमारे पाऊण मिनिटात त्यांची एक मुलगी टिपली. आता त्यांनी त्याहून लवकर आपली एक टिपायची. आपली पहिली तुकडी आत गेली. त्यांनी शहाणपणाने तिला सोडून दुसरीच्या मागे लागायचं ठरवलं. पण ती मुद्दाम त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. हूल दिली, पळाली, पुन्हा पुढ्यात आली. त्यांना मोह आवरला नाही. पाऊण मिनिट गेलं, शिट्टी वाजली, आपण जिल्ह्यात पहिले आलो. परत येताना घाटात कुणालाही उलटी झाली नाही. सगळ्या गात होत्या.

पुढचे सामने विभागाचे. अमरावतीला, दिवाळीनंतर.

आपल्या भागात दिवाळीनंतर काय सुरू होतं ते खामगावच्या माणसाला सांगायला नको. ज्या कापसासाठी इंग्रजांनी १८७० साली जलंबपासून इथपर्यंत तेरा किलोमीटरचा रेल्वेचा फाटा आणला, त्या कापसाचं हे गाव. नोव्हेंबरात पऱ्हाटी पांढरी झाली की घरातल्या प्रत्येक हाताला काम असतं. शाळेच्या स्पर्धा आणि वेचणी एकाच वेळी येतात. ज्याने हे वेळापत्रक ठरवलं त्याच्या घरी वावर नसावं. आपल्या वर्गातले पंधरा-वीस बाक त्या महिन्यात रिकामे असायचे, आणि हजेरी घेताना बाई त्यांची नावं न थांबता पुढे वाचत जायच्या.

अमरावतीला निघायच्या आधीचे दोन दिवस ती शाळेत आली नाही. तारीख आणि गाडीची वेळ तिला सरांनी आधीच सांगितली होती. "बाबाले इचारतो," असं ती म्हणाली होती. तेव्हा खेड्यात फोन कुठला?

पहाटे साडेपाचची गाडी. आम्ही अकरा जणी स्टँडवर, वळकट्या घेऊन. सर फलाटावर येरझाऱ्या घालत होते. कंडक्टरने घंटी द्यायची तयारी केली. सर खाली उतरून ड्रायव्हरशी बोलायला निघाले होते, पाच-दहा मिनिटं थांबा म्हणून. जाता जाता त्यांनी खिडकीपाशी मला विचारलं, "तुझ्या बाकावर बसते ना ती? काही म्हणाली का? येणार आहे का?"

मी म्हटलं, "सर, त्यांची वेचणी चालू आहे. नाही यायची म्हणाली."

ती असं काहीच म्हणाली नव्हती. वेचणी चालू होती हे खरं. 'म्हणाली' हा एक शब्द मी माझ्या पदरचा घातला. त्या शब्दाने माझा नंबर दहावरून नऊवर आला. सर क्षणभर थांबले, मान हलवली आणि गाडीत चढले. गाडी सुटली.

अमरावतीत सरांनी आम्हाला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ दाखवलं. १९१४ साली सुरू झालेल्या या संस्थेचं पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवायला गेलं होतं, हे सर सांगत होते आणि पोरी डोळे मोठे करून ऐकत होत्या. माझं लक्ष नव्हतं. मी पहिल्यांदा पहिल्या तुकडीत पळणार होते.

सामना सांगण्यासारखा नाही. मी पहिल्या डावात अठरा सेकंदांत बाद झाले, दुसऱ्यात त्याहून लवकर. आपण तीन गुणांनी हरलो. सगळ्यांनी माझी समजूत घातली, "तू तर राखीव होतीस, तुझा काय दोष?" सरांनीही घातली. त्या समजुतीइतकं मला आयुष्यात दुसरं काही बोचलेलं नाही.

परत आल्यावर सोमवारी ती शाळेत आली. बाकावर बसली. तिच्या बोटांना बोंडांच्या टोकांनी ओरखडे पडले होते. तिने सांगितलं, दोन दिवस तिने आपल्या वाट्याची आणि पुढच्या तीन दिवसांचीही वेचणी उरकली, दिवस बुडून दिसेनासं होईपर्यंत. मगच वडील 'जाय' म्हणाले. त्या पहाटे ती अंधारात पाच किलोमीटर आली. स्टँडच्या फाटकात शिरली तेव्हा आमची गाडी बाहेर पडून वळत होती. ती चौकापर्यंत मागे पळाली. तिच्याइतकं पळणारं कुणी नव्हतं, पण एसटी ती एसटी.

मग तिने मला विचारलं, "सर काय म्हनले वं?"

तेव्हा मला पुन्हा एक संधी होती. मी म्हटलं, "उशीर झाला म्हणाले. गाडी थांबत नाही म्हणाले."

ती "हं" म्हणाली आणि वही काढली. पुढच्या वर्षी ती मैदानावर आली नाही. सरांनी एकदोनदा निरोप दिला, नंतर सोडून दिलं. दहावीनंतर तिची शाळा सुटली, लग्न झालं. मी अकरावी-बारावी केली, इंजिनिअरिंगला गेले, पुण्याला गेले.

आता थोडं माझ्या कामाबद्दल, कारण ते इथे जोडलेलं आहे. माझं निम्मं आयुष्य चुका शोधण्यात गेलं. दोन यंत्रणा एकमेकींशी बोलत असतात, आणि एक दिवस दोन्ही चुकीची उत्तरं द्यायला लागतात. पहिली तपासावी तर ती बरोबर, दुसरी तपासावी तर तीही बरोबर. मग कळतं की दोघींच्या मध्ये निरोप पोचवणारा एक छोटासा तुकडा आहे, तो दोन्हीकडे खोटं सांगतोय. नव्या मुलांना मी हे शिकवते. शिकवताना मला तो स्टँड दिसतो, आणि तरी मी कधी काही केलं नाही.

२०२५ साली १९ जानेवारीला दिल्लीत खो-खोच्या पहिल्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं, मुलांनी ५४-३६. दोन्ही संघांचे कर्णधार आपल्या महाराष्ट्राचे, प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर. मॅटवर, दिव्यांच्या झगमगाटात, आपला खेळ! मी घरी टीव्हीपुढे अशी ओरडले की मुलगी खोलीतून पळत आली. "आई, तू खेळायचीस?" मी म्हटलं, "राखीव होते." ती म्हणाली, "मग कधीच नाही खेळलीस?" मी उठून चहा टाकायला गेले.

त्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट घडली. माझी एक सहकारी अमेरिकेत मिनेसोटा राज्यात असते. तिची मुलगी शाळेच्या आइस हॉकी संघात आहे. आपल्याकडे पोरं विटी-दांडू हातात घेतात तशी तिथली पोरं बर्फावरची ही काठी घेतात. बर्फावर एका संघाच्या सहाच जणी, गोलकीपर धरून. दम इतका लागतो की मिनिटाच्या आत बाहेर यायचं आणि दुसरीने आत जायचं, तेही खेळ चालू असताना. आधीची बाकाजवळ येऊन खेळाबाहेर व्हायच्या आत पुढची खेळात घुसली तर शिक्षा होते. मी तिला म्हटलं, हे तर आमच्या खोसारखंच झालं, मिळाल्याशिवाय उठायचं नाही. आम्ही दोघी हसलो. मग ती सहज म्हणाली, "परवा परगावी सामना होता, बर्फ पडत होतं. एक मुलगी आली नव्हती. प्रशिक्षकाने बस चाळीस मिनिटं थांबवली. डोकी मोजून पूर्ण झाल्याशिवाय तो निघतच नाही."

मी तिला 'नेट गेलं' असं सांगून कॅमेरा बंद केला.

तरीही आणखी दहा महिने गेले. गेल्या महिन्यात या मेळाव्यासाठी सगळ्यांचे नंबर गोळा झाले, तेव्हा तिचा नंबर मिळाला. तीन दिवस मी तो नुसता बघत होते. मग लावला. इकडचं तिकडचं झालं आणि मी सगळं सांगून टाकलं, दोन्ही वेळचं. पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं फोन ठेवला. मग ती म्हणाली, "तुले इतक्या वर्सांनी आठोलं?"

मी म्हटलं, "आठवण रोज होती. हिंमत नव्हती."

ती म्हणाली, "खेळाचं जाऊ दे. खेळ तसाबी सुटलाच असता. पन म्या सरायले एकतीस वर्स नमस्कार नाई केला. बाजारात दिसले का मी तोंड फिरवून घ्यायचो. थे माहं काऊन करोलं तुनं?"

मित्रांनो, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही. मला वाटत होतं मी तिचा एक सामना घेतला. खरं म्हणजे मी तिचे सर घेतले.

काल संध्याकाळी शेगावला उतरून मी आधी घरी गेले नाही, सरांकडे गेले. सर आता ऐंशीच्या पुढे आहेत, कानाने कमी ऐकतात, म्हणून मला हे सगळं मोठ्याने सांगावं लागलं. दार उघडं होतं, शेजाऱ्यांनीही ऐकलं असेल. ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "मला वाटायचं, पोरीला इतकं शिकवलं आणि तिने साधा निरोपही दिला नाही. मी तिच्यावर रागावलो नव्हतो, स्वतःवर रागावलो होतो, की पोरीच्या मनात खेळ रुजवू शकलो नाही." मग थोड्या वेळाने म्हणाले, "तुझ्यावर विसंबायला नको होतं. वाटण्यावर उठू नका म्हणून तुम्हाला सांगायचो, आणि मीच उठलो." सर, तुम्ही वाटण्यावर नव्हता उठलात. तुम्हाला खो मिळाला होता. तो खोटा होता, आणि देणारी मी होते.

संयोजकांना एक विनंती करते. आपण शाळेसाठी निधी गोळा करतोय, त्यातून संगणक घ्यायचे ठरलेत. जरूर घ्या, माझा वाटा मी दिला आहे. पण त्यात आणखी थोडी भर घालून स्पर्धेच्या दिवशी खेड्यातल्या मुलींना घरून आणायला आणि घरी सोडायला गाडीची सोय करू या. खेळाच्या शिक्षकांशी मी आज सकाळी बोलले. ते म्हणाले, आजही नोव्हेंबरात संघ अर्धा होतो. वेचणी आपण थांबवू शकत नाही. पण एखादी मुलगी ती उरकून निघाली, तर तिला अंधारात पाच किलोमीटर चालावं लागू नये. गाडीचा पहिल्या वर्षाचा खर्च मी करते. अट एकच. कोण येणार आणि कोण नाही, हे त्या मुलीला स्वतःला विचारायचं. बाकावरच्या मैत्रिणीला नाही.

आज सकाळी मंडपात शिरले तेव्हा ती आणि सर शेजारी शेजारी बसलेले दिसले. काय बोलले ते मला माहीत नाही, आणि ते मला कळायचं कारणही नाही. ती माझ्याशी अजून जेमतेमच बोलते, आणि ते बरोबरच आहे. दुपारच्या जेवणात तिने माझ्या ताटात न विचारता एक भाकरी जास्त वाढली, एवढं सांगते.

आणि सर, त्या पहाटे खिडकीपाशी तुम्ही मला एक प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर मला आज सगळ्यांसमोर द्यायचं आहे.

ती येणार होती, सर.